चंदेरी तबकडी

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावी २०२४ सालच्या जानेवारी महिन्यात माळावरची ज्वारी दाण्याने भरून आली होती. पाखरांचे थवेच्या थवे सकाळ-संध्याकाळ शेतावर उतरत. गोफण घेऊन माळ्यावर उभे राहण्यास घरात मोकळे माणूस नव्हते. शेजारच्या शेतकऱ्याने यावर एक युक्ती योजिली होती. त्याने जुन्या सीडी दोऱ्यांना बांधून काठ्यांवर टांगल्या होत्या. वाऱ्याने त्या गरगर फिरत, उन्हात लखलखत आणि पाखरे बिचकून दूर जात. आपल्या शेतावरही असेच करावे, असे त्या घरातील सातवीत शिकणाऱ्या नातीने ठरविले व तिने माडीवरचे कपाट उघडले. वरच्या फळीवरील एका खोक्यात तिला चौदा तबकड्या सापडल्या. अकरा तबकड्या चित्रपटांच्या आणि भजनांच्या होत्या. उरलेल्या तीन तबकड्यांवर मात्र काही छापलेले नव्हते. काकांच्या अक्षरात एवढेच लिहिलेले होते : "घरचे फोटो, २००६".

ती सारे खोके घेऊन खाली आली. आजी सोप्यात धान्य निवडीत बसली होती.

"आजी, या शेतावर नेऊ का गं? पाखरं भितील."

आजीने चष्मा सावरून वरच्या तबकडीवरचे अक्षर वाचले आणि सूप बाजूला सारले. "अगं, ठेव आधी ती खाली! तुझे पणजोबा आहेत तिच्यात."

आजीच्या बोलण्यात यत्किंचितही अतिशयोक्ती नव्हती. त्या घराजवळ तीन पिढ्यांची छायाचित्रे होती. काळ्या कागदाच्या जाड वह्यांत ती चिकटवलेली असत. २००६ साली काकांनी त्या वह्या पुण्यास नेल्या, सहाशेच्या आसपास छायाचित्रे संगणकात उतरवून घेतली आणि त्यांच्या तीन तबकड्या करून आणल्या. वह्या परत ट्रंकेत गेल्या. पुढे २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली शहर आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. या घराच्या खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी चढले व ते ओसरेपर्यंत ट्रंक पाण्यातच राहिली. छायाचित्राच्या कागदावर सरसासारख्या एका पदार्थाचा, जिलेटिनचा, लेप असतो. चित्र असते ते त्या लेपात. पाण्याने तो फुगतो, मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला घट्ट धरून बसतो. वह्या उघडू गेले, तेव्हा पानांबरोबर माणसांचे चेहरे सोलून निघाले.

त्या दिवशी आजीच्या डोळ्यांतील पाणी खळेना. तेव्हा काका म्हणाले होते, "आई, माडीवर सीडी आहेत ना! मग काळजी कसली?" त्या शब्दांनी सर्वांचे समाधान झाले. इतके झाले, की पुढे साडेचार वर्षांत त्या तबकड्या कोणी एकदाही यंत्रात घालून पाहिल्या नाहीत.

संक्रांतीला काका पुण्याहून आले. आताच्या पुष्कळ संगणकांत तबकडी घालण्याची सोयच नसते, म्हणून त्यांनी बाहेरून जोडण्याचे एक छोटे यंत्र बरोबर आणले होते. पहिली तबकडी सुरळीत उघडली. आजीचे लग्न, वाड्याचा जुना दिंडी-दरवाजा, बाळंतविड्यातली बाळे, सारे पडद्यावर आले. दुसरी तबकडी एकशे चाळीस चित्रांपर्यंत नीट चालली. पुढे यंत्र घरघरू लागले, थांबले, पुन्हा घरघरले आणि अखेर गप्प झाले. तिसरी यंत्राने काही वेळ फिरविली आणि आत तबकडीच नाही, असे कळविले!

नातीने ती बाहेर काढून उजेडात धरली. "पण काका, हिच्यावर एक ओरखडासुद्धा नाही. नव्यासारखी दिसते."

नातीचे आश्चर्य स्वाभाविक होते. कागदावरचे छायाचित्र जुने झाले, की ते तसे सांगते. ते पिवळे पडते, त्याच्या कडा विरतात, आजोबांचा काळा कोट तपकिरी होतो. पाहणाऱ्याला सावध होण्यास अवधी मिळतो. तबकडी मात्र शेवटपर्यंत चंदेरीच दिसते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी तिची घडण पाहिली पाहिजे.

सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची चकती होय. फिलिप्स ही डच कंपनी आणि सोनी ही जपानी कंपनी या दोघींनी मिळून ती सिद्ध केली व १९८२ साली संगीतासाठी ती बाजारात आली. तिच्या जाडीचा जवळजवळ सर्व भाग पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो. माहिती लिहिलेली असते ती एका अखंड रेषेवर. ही रेषा मध्याजवळ सुरू होऊन जिलबीच्या वेढ्याप्रमाणे काठाकडे जाते. वेढे इतके दाट असतात, की एका मिलिमीटरच्या अंतरात त्यांचे सहाशेहून अधिक पदर मावतात. ही रेषा उलगडून सरळ केली, तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून जास्त भरेल! लेझरचा बारीक किरण खालच्या बाजूने प्लॅस्टिकमधून आत शिरतो, वरच्या धातूच्या मुलाम्यावर आपटून परततो आणि परतलेल्या उजेडाच्या कमीजास्तपणावरून यंत्र अक्षरे, सूर किंवा चित्रे ओळखते.

कारखान्यात तयार होणाऱ्या गाण्यांच्या तबकड्यांत ही रेषा म्हणजे साच्याने दाबून उठविलेल्या सूक्ष्म खळग्यांची रांग असते. घरी लिहावयाच्या तबकडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात प्लॅस्टिकवर एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर दिलेला असतो, त्यावर चांदीचा, क्वचित सोन्याचा, मुलामा असतो आणि सर्वांच्या वर लाखेसारखे एक संरक्षक रोगण असते. लिहिताना लेझरच्या उष्णतेने त्या रंगात जागोजागी फरक पडतो. म्हणजे काकांनी उतरविलेली सहाशे छायाचित्रे कशात होती, तर एका रंगात. साडीचा रंग उन्हाने उडतो, तसा हाही उडतो. ऊन, उकाडा आणि दमट हवा हे त्याचे वैरी आहेत. देवघरातील चांदीची निरांजने हवेतील गंधकाने काळवंडतात, तसाच धोका रोगणाला चीर पडल्यास त्या चांदीच्या मुलाम्यालाही असतो. चांगली तबकडी वीस वर्षांनंतरही वाचता येते. हलक्या प्रतीची पाच-सात वर्षांतही निकामी होऊ शकते. वरून पाहून कोणती कोणत्या जातीची, हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही.

आणखी एक गैरसमज फार रुजलेला आहे. तबकडीची चकाकणारी खालची बाजू नाजूक आणि नाव लिहावयाची वरची बाजू दणकट, असे बहुतेक लोक मानतात. सीडीच्या बाबतीत खरी स्थिती याच्या उलट आहे. खालच्या बाजूला प्लॅस्टिकचे जाड चिलखत असते. वरच्या बाजूला मुलामा आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये रोगणाचा पातळसा पापुद्रा असतो. (डीव्हीडीत दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून रंग मध्ये ठेवलेला असतो, म्हणून तिची वरची बाजू तेवढी दुबळी नसते.) काकांनी पहिल्या दोन तबकड्यांवर मऊ टोकाच्या शाईच्या पेनने लिहिले होते. तिसऱ्या तबकडीच्या वेळी ते पेन सापडले नाही, म्हणून त्यांनी बॉलपेनने, दाबून, अगदी मध्याजवळ अक्षरे काढली. तेथेच त्या तबकडीची अनुक्रमणिका असते. यंत्र आधी ती वाचते. ती वाचता आली नाही, तर पुढची सारी पाने कोरीच असल्यासारखी होतात.

काका त्या अक्षरांकडे पाहत राहिले. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी किती काळजीपूर्वक ते नाव घातले होते!

परंतु दुसऱ्या तबकडीचे काय? ती तर इतकी वर्षे हळूहळूच बिघडत असली पाहिजे. मग तिने काहीच खूण कशी दिली नाही? याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. ते तबकडीच्या दुबळेपणात नसून तिच्या हुशारीत आहे.

गणित सोडविल्यावर आपण ताळा करून पाहतो. १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी ताळ्याची एक विलक्षण रीत प्रसिद्ध केली. तिच्या योगे चूक झाली आहे एवढेच कळते असे नव्हे, तर चुकलेला अंक मूळचा कोणता होता, हेही काढता येते. सीडीत हीच रीत वापरलेली आहे. माहितीच्या दर चोवीस अंशांमागे आठ अंश ताळ्याचे लिहिलेले असतात. शिवाय लगतची माहिती लगत लिहीत नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडातील एकेका घरची माणसे निरनिराळ्या गाड्यांत वाटून बसवावीत, म्हणजे एक गाडी वाटेत बंद पडली तरी प्रत्येक घरचे कोणी ना कोणी मांडवात पोहोचते, तशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे रेषेचा सलग सुमारे अडीच मिलिमीटर भाग नष्ट झाला, तरीही यंत्र मूळ माहिती बिनचूक जुळविते.

पण यातच मेख आहे. रंग थोडा उडतो, यंत्र ताळ्याने भरून काढते. आणखी उडतो, आणखी भरून काढते. पडद्यावरचे चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ असते आणि घरातील मंडळी निर्धास्त असतात. एके दिवशी हानी ताळ्याच्या शक्तीबाहेर जाते आणि चित्र एकदम नाहीसे होते. काठाकडील भाग बहुधा आधी बिघडतो, कारण हाताळणी आणि दमटपणा यांचा मार तेथे अधिक. दुसऱ्या तबकडीची शेवटची साठ चित्रे काठाजवळ होती.

असा प्रसंग एकट्या या घरावर आला असे नाही. इंग्लंडमध्ये राजा पहिला विल्यम याने १०८६ साली आपल्या राज्यातील जमीन, गुरे, नांगर आणि माणसे यांची मोजदाद करविली. ती कातड्याच्या पानांवर लॅटिन भाषेत लिहिली गेली. 'डूम्सडे बुक' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ साली बीबीसी या संस्थेने नव्या युगाची तशीच नोंद करण्याचे योजिले. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे चौकोन पाडण्यात आले आणि शाळाशाळांतील मुलामुलींनी आपापल्या चौकोनातील घरे, दुकाने, शेते, खेळ यांची वर्णने लिहिली व छायाचित्रे पाठविली. या कामाला दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. हे सारे ताटाएवढ्या मोठ्या लेझर तबकड्यांवर साठविण्यात आले. पुढे काय झाले? सोळा वर्षांत, म्हणजे २००२ सालापर्यंत, त्या वाचणारी यंत्रे आणि त्यांना लागणारे विशिष्ट संगणक इतके दुर्मिळ झाले, की मुलांनी केलेली ती नोंद वाचताच येणार नाही, अशी भीती उत्पन्न झाली. नऊशे वर्षांपूर्वीची कातड्याची पाने मात्र लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुस्थितीत होती आणि डोळे व लॅटिनचे ज्ञान याखेरीज ती वाचण्यास दुसरे साधन लागत नव्हते. सुदैवाने काही विद्वान वेळीच जागे झाले. इंग्लंडमधील लीड्स आणि अमेरिकेतील मिशिगन येथील विद्यापीठांनी त्या जुन्या संगणकासारखे वागणारे कार्यक्रम नव्या संगणकासाठी लिहिले. इतरांनी मूळ फितींवरून चित्रे उतरवून घेतली. २०११ साली मुलांची ती नोंद इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. २०१८ साली तेही संकेतस्थळ बंद झाले. परंतु तत्पूर्वी राष्ट्रीय अभिलेखागाराने त्याची प्रत करून घेतली होती. म्हणजे बत्तीस वर्षांत त्या चित्रांना इतक्यांदा घर बदलावे लागले. बदलले म्हणूनच ती टिकली.

काकांच्या घरी आता हेच बिऱ्हाड बदलण्याचे काम होते आणि त्याला उशीर झालेला होता. पहिल्या तबकडीची प्रत त्यांनी त्याच रात्री करून घेतली. चालते आहे ते आधी वाचवावे, बिघडलेल्याशी झटापट मागाहून करावी, हा क्रम योग्यच होता. दुसरीवर धूळ व बोटांचे ठसे होते. नात मऊ सुती कापड घेऊन ताट पुसावे तशी ती गोल गोल पुसू लागली, तोच काकांनी तिचा हात धरला. मध्यापासून काठाकडे, सरळ रेषेत पुसावयाचे, असे त्यांनी दाखविले. पुसताना एखादा खडा घासून चरा पडलाच, तर सरळ चरा प्रत्येक वेढ्याला एकदाच छेदतो आणि तेवढी हानी ताळा भरून काढतो. गोल चरा मात्र एकाच वेढ्यावरून लांबवर जातो आणि सलग मजकूर खातो. चरे घालविण्यासाठी दंतमंजन चोळण्याचा उपाय काही लोक सांगतात. खालच्या प्लॅस्टिकवरचा चरा त्याने एखादे वेळी झिजेलही. रंगाच्या किंवा मुलाम्याच्या बिघाडावर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि घरात एकच तबकडी असताना असले प्रयोग करू नयेत.

एका यंत्राला न वाचता येणारी तबकडी दुसऱ्याला वाचता येते, असे पुष्कळदा घडते. गावातील शाळेत एक जुना संगणक होता. त्यात तबकडीचे यंत्र शाबूत होते. गुरुजींच्या परवानगीने काका व नात शनिवारी दुपारी तेथे गेले. काकांनी एक विशेष कार्यक्रम सुरू केला. तो तबकडीचा सुलभ भाग प्रथम वाचून ठेवतो आणि अवघड भागाकडे नंतर पुनःपुन्हा, संथपणे वळतो. संध्याकाळ झाली, रात्र झाली. गुरुजींनी किल्ली काकांकडे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले, तेव्हा साठांपैकी एकावन्न चित्रे हाती आली होती.

आठ कायमची गेली. नववे अर्धे आले. त्या चित्रात पणजोबा आपल्या बैलजोडीसह उभे होते. त्यांचा फेटा, मिशा आणि छातीपर्यंतचा अंगरखा स्पष्ट उमटला. त्याखाली सपाट करडा रंग पसरलेला होता. आजीने पडद्यावर त्या करड्या जागी बोट ठेवले. "इथं सर्जा होता आणि इथं राजा. बेंदराच्या दिवशी काढलाय हा फोटो. राजाचं डावं शिंग जरा वाकडं होतं." नातीने ते तसेच्या तसे वहीत टिपून घेतले.

तिसऱ्या तबकडीची आशा सर्वांनी सोडली होती. रात्री जेवताना आजीला एकाएकी आठवण झाली. त्या तबकडीत बडोद्याच्या आत्याच्या लग्नाची चित्रे होती, म्हणून काकांनी २००६ सालीच तिला तिची एक प्रत पाठविली होती. लागलीच फोन झाला. आत्याने ती प्रत लोखंडी कपाटात, शालूच्या घडीखाली, काळोखात ठेवली होती. पेटी उभी होती, आत कागदाचा तुकडा नव्हता, वर चिकटपट्टी नव्हती. आत्याने हे सारे शास्त्र जाणून केले होते असे नव्हे; शालू जपताना तबकडीही जपली गेली, एवढेच. चार दिवसांनी तिच्या मुलाने संगणकावरून सारी चित्रे पाठविली. एकही उणे नव्हते.

यानंतर काकांनी घाईने समाधान मानले नाही. प्रत केलेले प्रत्येक चित्र उघडून पाहिले, कारण संगणकात नाव दिसते म्हणून आत चित्र असतेच असे नाही. मग तीन संच केले : एक पुण्यास त्यांच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आजीच्या माडीवर आणि एक बडोद्यास. हार्ड डिस्कही काही अमर नसते. पेन ड्राइव्ह तर खिशातून पडतेच. परंतु तिन्ही ठिकाणी एकाच वेळी पूर येत नाही. जुन्या तीन तबकड्या टाकून न देता त्याही खोक्यात ठेविल्या. घरातील दिनदर्शिकेवर आजीने पुढच्या संक्रांतीच्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहिले : "फोटो उघडून पाहणे". बाकीच्या अकरा तबकड्या नातीने शेतावर नेऊन टांगल्या.

एक काम तेवढे उरले होते. संगणकात त्या चित्रांना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली, की आजी आणि नात पडद्यासमोर बसत. आजी सांगे, नात लिही : कोण, कोठे, कोणत्या साली, कोणाच्या लग्नात. एकशे त्र्याहत्तराव्या चित्रात विहिरीच्या काठावर पाच बायका उभ्या होत्या. आजीने डावीकडून चौघींची नावे सांगितली. पाचवी उंच होती, तिने पदर कपाळापर्यंत घेतला होता आणि ती हसत होती. आजी बराच वेळ पाहत राहिली.

"आजी, ही कोण गं?"

"चेहरा ओळखीचा आहे, पण नाव येईना. बडोद्याला फोन लाव बघू. आत्याला ठाऊक असेल."

नातीने पाचव्या नावाची जागा मोकळी सोडली आणि फोन उचलला.